तळातला निळा डबा

मित्रांनो, मी जुनी क्रेन आहे. जुनेपणाची मला लाज वाटत नाही. गंज सगळ्यांनाच चढतो, कुणाच्या सांध्यांवर तर कुणाच्या स्वभावावर. मला लाज वाटते ती माझ्या गळ्यात पडलेल्या हारांची. तेव्हा आधी हार कसे मिळाले ते सांगते. ते उतरवावेसे का वाटले, हे ओघाने येईलच.

सुलावेसी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक बंदर आहे. तिथल्या आवारात, कुंपणाला लागून असलेल्या शेवटच्या ओळीवर मी उभी असते. रबरी चाकांवरचे चार उंच पाय, वर आडवी तुळई, तुळईवरून इकडून तिकडे सरकणारी काचेची खोली, आणि खोलीखाली तारेच्या दोरांनी लोंबणारा लोखंडी पंजा. जहाजातून उतरलेले कंटेनर मी एकावर एक रचते आणि ट्रक आला की ज्याचा त्याला काढून देते. कंटेनरला आम्ही नुसता डबा म्हणतो. पाच डब्यांचा एक थप्पा, असे थप्पेच थप्पे. काम ऐकायला सोपे वाटते. पण कपड्यांचे कपाट लावणाऱ्या कुणालाही विचारा. हवा असलेला सदरा नेमका तळाशीच सापडतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मला उभीच्या उभी जहाजावर चढवून इथे आणले. उतरले त्या दिवशी बंदरातल्या लोकांनी माझ्या पायांशी चिकट भाताचे ताट ठेवले, प्रार्थना म्हटली, आणि प्रार्थना संपायच्या आत भात संपवला. माझ्या खोलीत बसायला जो चालक नेमला होता, त्याचे नाव डाएंग रुरुंग. आमच्या मकासरी लोकांत मोठ्या माणसाला एक मानाचे नाव असते आणि त्याच्या आधी डाएंग लावतात, बाई असो वा पुरुष. रुरुंग मला खालून वर न्याहाळून म्हणाला, "एवढी मोठी बाई, हिला काय नंबरानं हाक मारायची? ही डाएंग लोम्पो." लोम्पो म्हणजे थोरली. झाले, त्या दिवसापासून मी थोरली.

रुरुंग बुटका, गोल, आणि हाताचा इतका हलका की भरलेला डबा खाली टेकला तरी आतल्या बरण्यांना पत्ता लागू नये. तोंड मात्र अखंड चालू. ऐकायला कुणी नसेल तर माझ्याशी बोलायचा. म्हणून तर या गोष्टीतले जे मला दिसले नाही, तेही मला ठाऊक आहे.

आता हारांचे. फाटकाजवळ एक मोठा फळा होता. प्रत्येक क्रेनने दिवसभरात किती उचली केल्या, ते रोज त्यावर लिहिले जाई. जिच्या उचली वर्षात सर्वांत जास्त, तिला सतरा ऑगस्टला, म्हणजे आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, झेंडूचा हार. चालकाला बक्षीस; कधी टेबलफॅन, कधी भात शिजवायचे विजेचे भांडे. कित्येक वर्षे हार माझ्याच गळ्यात पडला. रुरुंगच्या घरात इतके पंखे झाले की त्याची बायको म्हणे, पुढच्या वर्षी हरा, नाहीतर आपण सगळे उडून जाऊ.

या उचलींचा हिशेब मात्र नीट ऐका, कारण तो मला स्वतःला फार उशिरा कळला. कोणता ट्रक कोणत्या डब्यासाठी कधी येणार, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नसे. जहाज आले की दिसेल त्या जागी डबा ठेवायचा. पुढे ट्रक येई तेव्हा त्याचा डबा चार डब्यांखाली दबलेला. मग वरचे चार उचलून शेजारच्या थप्प्यांवर ठेवायचे आणि तळाचा काढून द्यायचा. याला आम्ही खोदाई म्हणत असू. ते उचलून ठेवलेले चार डबे तिकडे आणखी कुणाच्या तरी डोक्यावर बसत. उद्या त्यांना पुन्हा उचला. आणि फळ्यावर ही सगळी खोदाई जमेत! म्हणजे रचणे जितके वाईट, तितकी मी कामसू. खर्चाची बाजू कुणी लिहीतच नसे. माझ्या कमरेला डिझेलचे इंजिन होते. ते काम असताना धडधडे आणि काम नसताना रुरुंगच्या खोलीला गारवा मिळावा म्हणून धडधडे. कुंपणाबाहेर ट्रकांची रांग लागलेली असे. रांग मुंगीच्या पावलाने सरकायची, म्हणून तेही आपापली इंजिने चालू ठेवून बसायचे. माझा धूर आणि त्यांचा धूर त्या अरुंद रस्त्यावर एकत्र जमत.

त्यात आमच्या लोकांची एक रीत. ज्याचा डबा असेल तो आधी ओळख शोधतो.

"डाएंग, मेव्हण्याचा डबा आहे. जरा वर ठेव."

"वर कशाला, मांडीवरच घेऊन बसतो," रुरुंग फोनवर म्हणे. आणि ठेवी वर.

त्यात लाच नव्हती, लबाडी नव्हती. ओळखीच्याने मागितले आणि आपल्याला देता आले नाही, तर आमच्याकडे मान खाली जाते. या मानेच्या गोष्टीला आम्ही सिरी म्हणतो. माणूस उपाशी राहील, पण सिरी जाऊ देणार नाही. मागणाऱ्याला नाही म्हणणे रुरुंगला जमत नसे. न मागणारेही कुणी असते, हे त्याच्या गावीही नव्हते. माझ्याही नव्हते.

कुंपणाच्या जाळीपलीकडे ट्रकांच्या रांगेचा रस्ता, रस्त्यापलीकडे एका बंद गोदामाची चुना दिलेली पांढरी भिंत, आणि त्या भिंतीला टेकून एक निळसर टपरी. ती डाएंग तेनेची. तेने म्हणजे गोड. पण गोडवा नावातच संपलेला. तिखट सारणाच्या तळलेल्या करंज्या आणि आल्याचा गरम साराब्बा ती विके. नवरा गेल्यावर तिने ही टपरी टाकली ती रांगेच्या भरवशावर. ताटकळलेला माणूस खातो. जाळीला ग्लासाएवढे एक भोक होते. रुरुंग खाली उतरला की तेने दोन ट्रकांच्या मधून वाट काढीत यायची आणि त्या भोकातून त्याला साराब्बा द्यायची.

"तुमच्या थोरलीनं आज माझ्या करंज्यांना काजळ लावलंय," ती म्हणायची.

"दृष्ट लागू नये म्हणून हो."

"दृष्ट लावायला गिऱ्हाईक गोरं राहिलंय कुठं? सगळी तुमच्यासारखीच दिसायला लागलीत."

मग ती तोंड फिरवून खोकायची. खोकतानाही माणसांकडे पाठ करायची, जणू तोही आपला खाजगी व्यवहार. मी वरून बघत असे आणि मला वाटे, आले जास्त पडले असेल.

एका सतरा ऑगस्टला रुरुंगला चक्क फ्रिज मिळाला. त्या दिवशी इबू बेस्से, म्हणजे बेस्से बाई, समोर बसल्या होत्या. आवारात कुठला डबा कुठे ठेवायचा, याची आखणी करायला नुकत्याच आलेल्या, शेजारच्या बुगी समाजातल्या या मुलीने परदेशी बंदरांत राहून हेच शास्त्र शिकले होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारले, "डाएंग, यातल्या किती उचलींनंतर डबा ट्रकवर गेला?"

"इबू, हार सुकू तरी द्या. मग हिशेब मागा."

"बरं, थांबते सुकेपर्यंत."

"म्हणजे बाकीच्या उचली काय मी व्यायाम म्हणून केल्या?"

"तुम्ही कुठं केल्या? त्या डाएंग लोम्पोनं केल्या. तुम्ही गारव्यात बसला होता. आणि धूर बाहेरच्या बाईंनी खाल्ला."

सगळे हसले. रुरुंगही हसला. मला तेवढा राग आला. मी राबते आणि ही कालची पोर मला माझेच काम शिकवते! बेस्सेंनी वरिष्ठांना एक साधी गोष्ट सुचवली होती. ट्रकवाल्याने आदल्या दिवशी आपली वेळ कळवावी. जो आधी जाणार त्याचा डबा वर, जो उशिरा जाणार त्याचा खाली. मग खोदाई कशाला आणि रांग कशाला? साहेब म्हणाले, "छान आहे. ईद झाल्यावर बघू." आमच्याकडे कोणतीही चांगली गोष्ट ईद झाल्यावरच बघतात. कुठली ईद, ते सांगत नाहीत.

त्या रमजानात जावाहून एक जहाज आले. त्यातला एक निळा डबा, एका कोपऱ्याला चेपलेला, मी कुंपणाजवळच्या थप्प्याच्या तळाला ठेवला. कागदावर माल पोचवणाऱ्या दलालाचे नाव होते, मालकाचे नव्हते. ठेवला आणि विसरले.

ईद जवळ आली की आमच्याकडे सगळे लोक आपापल्या गावी निघतात. रस्ते त्यांच्यासाठी मोकळे राहावेत म्हणून ईदच्या आधी थोडे दिवस मोठे ट्रक बंद होतात. म्हणून प्रत्येकाला आपला डबा त्याआधी बाहेर हवा. रुरुंगचा फोन त्या दिवसांत तापून लाल झाला. कुणाचा साळा, कुणाचा सासरा, कुणाच्या मशिदीतला शेजारी. निळ्या डब्यावर एक डबा चढला. मग दुसरा. सगळे ओळखीचे, सगळे 'जरा वर ठेव'चे.

रोज सूर्यास्ताला बांग झाली की रुरुंग खाली येई. तेने भोकातून खजूर आणि साराब्बा देई; त्याचा उपास तिथेच सुटे.

"आज कितवा मेव्हणा?" ती विचारायची.

"ईदच्या तोंडावर मेव्हण्यांना पालवी फुटते."

"आणि ज्याला मेव्हणा नाही, त्यानं काय करायचं?"

"त्यानं आधी लग्न करावं!"

ती हसली. हसताना तिची नजर रुरुंगच्या खांद्यावरून मागच्या थप्प्याकडे गेली आणि तिथेच राहिली. मला वाटले, ती माझ्याकडेच बघते आहे. हारांनी मी इतकी फुगले होते.

शेवटचा दिवस उजाडला. सूर्यास्ताला ट्रकांसाठी फाटक बंद होणार होते. रांग गावातल्या मशिदीपर्यंत गेली होती. ऊन रणरणत होते, सगळे उपाशी, सगळ्यांच्या जिभा कोरड्या आणि धारदार. दुपार कलल्यावर नाबा नावाचा ट्रकवाला माझ्याखाली पोचला. त्याचा कागद पाहून रुरुंगने खोलीतल्या वायरलेसवरून आवाज दिला, "नाबा, तुझा डबा पाताळात आहे रे!"

"मग काढ की. खोदाईतला राजा म्हणवतोस ना?"

"शेजारचे थप्पे भरलेत. एकेक डबा ओळीच्या पार टोकाला नेऊन ठेवावा लागेल."

"ने. पण बोलू नकोस, ने."

मी पहिला डबा टोकाला नेला. परत आले. दुसरा नेला. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. तेवढ्यात जाळीपाशी तेने येऊन उभी राहिलेली दिसली. इस्त्रीची ओढणी, पायात चांगल्या चपला. रुरुंग वायरलेसवर म्हणाला, "नाबा, तेनेंना सांग, आज मला उशीर होईल. माझा खजूर कुणाला विकू नका म्हणावं."

नाबाही जाळीकडे बघत होता.

तिसरा डबा मी उचलला आणि माझ्या पोटात काहीतरी फाटले. इतक्या वर्षांच्या फुकट उचलींनी झिजलेली पाण्याची नळी होती ती. वाफेचा लोट उठला, इंजिन दोनदा कण्हले आणि बंद पडले. ब्रेक धरून राहिले, म्हणून डबा पडला नाही, हवेतच लटकला. दुरुस्ती करणारे बहुतेक गावी निघून गेले होते. एक मिळाला. तो वर चढला, हात पुसत उतरला आणि म्हणाला, "नळी बदलायला लागेल. ईदनंतर येईल." शेजारची क्रेन आणावी, तर माझ्या ओळीत शिरायचा रस्ता माझ्याच पायांनी अडवलेला.

रुरुंग शिडीवरून धावत खाली आला. नाबा ट्रकच्या पायरीवर बसला होता.

"तुझ्या मालकाला सांग, माझा इलाज नाही," रुरुंग म्हणाला. "कुणाचा आहे डबा?"

"तिचा."

"कुणाचा?"

"तेनेंचा रे. त्यांचा आणि त्यांच्या गल्लीतल्या बायकांचा. ईदचे कपडे आहेत आत, पोराबाळांचे. सगळ्यांनी मिळून जावाहून मागवले. हा माल विकला की बाजारात गाळा घेणार होत्या, या धुरातून उठणार होत्या."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाल्या, ओळखीनं काढायचा असता तर मला काय तोंड नव्हतं?"

रुरुंगने वर पाहिले. तळाला निळा डबा, त्याच्यावर एका मेव्हण्याचा डबा, आणि त्याच्यावर हवेत लटकणारा दुसऱ्या मेव्हण्याचा. निळ्या डब्याचा चेपलेला कोपरा जाळीतून स्वच्छ दिसत होता. पंधरवडाभर ती रोज त्याच जागी उभी राहून त्याला साराब्बा देत होती, आणि तिचा डबा आमच्या हातांनी गाडला जाताना बघत होती.

बांग झाली. फाटक बंद झाले. रुरुंग जाळीपाशी गेला. भोकात खजूर आणि ग्लास नेहमीसारखे होते.

"तुम्ही सांगायचं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"सांगितलं असतं तर तुम्ही वर ठेवला असता."

"ठेवलाच असता! सगळ्यांच्या वर!"

"मग तळाशी कुणाचा गेला असता?"

रुरुंगचा हात खजुराकडे गेला आणि तसाच मागे आला.

"उपास सोडा," तेने म्हणाली. "साराब्बा गार होतोय."

ईदभर मी तो तिसरा डबा पंजात धरून उभी होते. गाव नव्या कपड्यांत रस्त्यावरून जात होते, आणि मी वर्गाबाहेर दप्तर डोक्यावर घेऊन उभ्या केलेल्या मुलासारखी. ईदच्या दिवशी आमच्याकडे जो तो घरोघर जाऊन वर्षभरातल्या कळत-नकळत चुकांची माफी मागतो. रुरुंगही बायकोमुलांना घेऊन तेनेच्या घरी गेला. तिने केळीच्या पानातला भात वाढला, माफ केले, डबाभर भात बरोबरही दिला. पण त्या दिवशी माफी सगळ्यांनाच मिळते, मागील त्याला मिळते. म्हणून त्याला ती पुरली नाही. घरी येऊन त्याने फ्रिज उघडला, थोडा वेळ आतल्या दिव्याकडे बघत बसला आणि बंद केला. हे त्यानेच मला सांगितले. मला तर माफी मागायलाही कुठे जाता येत नव्हते.

ईदनंतर निळा डबा निघाला. ईदनंतर ईदचे कपडे घेतो कोण? थोडे आठवडी बाजारात मातीमोलाने गेले. उरलेले बायकांनी वाटून घेतले. त्या गल्लीतली सगळी पोरे वर्षभर एकाच छापाच्या सदऱ्यात हिंडत होती. पिवळ्यावर लाल मासे. रस्त्यावर कुठेही तो मासेवाला सदरा दिसला की रुरुंग काचेआड मान वळवायचा. बाजारातला गाळा दुसऱ्याने घेतला. तेने पुन्हा भिंतीला टेकून करंज्या तळायला लागली. गल्लीतल्या बायका तिला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे ती एकदा म्हणाली.

रुरुंग एके दिवशी इबू बेस्सेंच्या खोलीत गेला.

"इबू, ईद झाली."

"मग?"

"साहेब म्हणाले होते ना, ईद झाल्यावर बघू. चला, दाखवू त्यांना. मी येतो बरोबर. हारवाला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकतील."

ऐकले. लगेच नाही, पण ऐकले. फळा पुसला गेला. उचलींच्या जागी आता ट्रकला किती वेळ थांबावे लागले, ते लिहू लागले. ट्रकवाले आदल्या दिवशी वेळ कळवू लागले आणि मी त्या क्रमाने डबे रचू लागले. पहिले काही आठवडे मेव्हण्यांचे फोन थांबेनात.

"डाएंग, जरा वर ठेव."

"वर-खाली आता माझ्या हातात नाही. वेळ कळव आणि ये."

"चढलास हं फार!"

"मी रोजच चढतो, शिडीवरून."

विनोद करी, पण फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा उतरे. दोन लग्नांची आमंत्रणे त्याला आली नाहीत. आणि मी? माझ्या उचली निम्म्यावर आल्या. पूर्वीच्या फळ्यावर मी शेवटची ठरले असते. पुढच्या सतरा ऑगस्टला हार कुणालाच घातला नाही, आणि खरे सांगते, मला तेव्हाही थोडे वाईट वाटले. स्वभावावरचा गंज असा असतो.

मग माझे डिझेल इंजिन काढले आणि मला विजेवर आणले. आता मी कामापुरतीच वीज घेते. काम संपले की गप्प. धडधड गेली तशी मला आजूबाजूचे ऐकू येऊ लागले. लाटा, जाळीतला वारा, आणि तेनेचा खोकला. धूर गेला तरी तो राहिला होता. इतकी वर्षे तो माझ्याच आवाजाखाली दबला होता.

आणखी एक गोष्ट झाली, जी आमच्यापैकी कुणी धरली नव्हती. रांगच संपली. ट्रक येतो, डबा घेतो, जातो. करंजी खायला उसंत कुणाला? तेनेची कढई संध्याकाळपर्यंत अर्धी भरलेलीच राहू लागली.

"धूर होता तेव्हा छाती भरलेली होती आणि पोटही," ती रुरुंगला म्हणाली. "आता दोन्ही मोकळं."

"टोमणा मारताय?"

"मारतेय. लागला का नीट?"

"लागला."

"मग ठीक."

तिच्यापुढे आता एकच वाट उरली होती. पुन्हा माल मागवायचा आणि बाजारात बसायचे. गल्लीतल्या निम्म्या बायका या वेळी आल्या नाहीत. उरलेल्यांनी तिच्या शब्दावर पुन्हा एकदा भरवसा ठेवला. पुन्हा रमजान, पुन्हा जावाचे जहाज, पुन्हा ट्रक बंद होण्याची तारीख. या वेळी नाबाने शपथ मोडली आणि रुरुंगच्या कानात सांगितले. रुरुंग धावतच इबू बेस्सेंकडे गेला.

"एकदाच, इबू. तिचा डबा सगळ्यांच्या वर. पुन्हा आयुष्यात काही मागणार नाही."

"त्यांनी मागितलंय?"

"ती मागेल होय!"

"मग तुम्ही का मागता? त्यांच्या ट्रकची वेळ नोंदलेली आहे. त्याप्रमाणे डबा निघेल."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मी पण तुमच्याबरोबर त्या भोकापाशी येऊन उभी राहीन."

त्या रात्री रुरुंगला झोप लागली नाही, आणि मी तर उभीच असते. ठरलेल्या दिवशी नाबाचा ट्रक आला. मागे रांग नव्हती, भोंगे नव्हते. जाळीपाशी तेने, तीच इस्त्रीची ओढणी. डबा या वेळी लाल होता. त्याच्यावरचे डबे सकाळपासून आपापल्या वेळी निघून गेले होते. तो आपोआप वर आला होता. रुरुंगने पंजा नेहमीपेक्षा सावकाश खाली सोडला. एक उचल. डबा ट्रकवर. नाबा फाटकाबाहेर पडला तेव्हा सूर्य अजून चांगला वर होता.

संध्याकाळी बांग झाल्यावर रुरुंग भोकापाशी गेला. "यात माझं काही नाही हं," तो घाईघाईने म्हणाला. "मी वर ठेवला नव्हता. वेळच तशी लागली."

"ठाऊक आहे," तेने म्हणाली. "तुम्ही ठेवला असता तर आज इथं आले नसते." आणि तिने भोकातून एकाऐवजी दोन खजूर सरकवले.

रुरुंगला फेडायचे होते, ते फेडायची संधी काही मिळाली नाही. मलाही नाही. तो डबा इतर डब्यांसारखाच गेला, आणि तसाच जायला हवा होता.

माल विकला गेला. तेनेला बाजारात एक लहान गाळा मिळाला; पहिल्यापेक्षा लहान आणि आतल्या बाजूला. टपरी तिने उचलली.

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राचे एवढे ऐका. कुणी फार राबताना दिसले की हार आणायला धावू नका. आधी बघा, त्या राबण्यातून कुणाचे काय निघाले आणि कुणाच्या अंगावर काय पडले. मला वीज दिलीत, दोर बदललेत, माझी काळजी घेतलीत, आभारी आहे. तशीच काळजी रांगेची घ्या. वाटप तुमच्या हातात असेल, खेळणी असोत की खाऊ, तेव्हा हात पुढे करणाऱ्यांना देऊन झाल्यावर एकदा मागे बघा. तिथे कुणीतरी गप्प उभे असते.

रुरुंग अजूनही सूर्यास्ताला खाली उतरतो आणि सवयीने त्या भोकापाशी थांबतो. पलीकडे आता नुसती गोदामाची भिंत आहे. इतक्या वर्षांच्या काजळीने ती काळी झाली आहे. चुना कुठला तो ओळखू येत नाही. मधेच एक चौकोन मात्र पांढराशुभ्र राहिला आहे, बरोबर टपरीएवढा. तेवढी काजळी भिंतीवर बसली नाही. ती कुठे बसली, ते मला ठाऊक आहे. मी उंच आहे, तो चौकोन मला रोज दिसतो.